अठ्ठाविसांतले चार

२८.५, २७.९, १४.५ आणि १२.६. एसटीच्या आगारात रक्तदाबाबद्दल बोलायचं असेल, तर सुरुवात या चार आकड्यांपासून करावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुढाकाराने २०१७-१८ मध्ये असंसर्गजन्य आजारांचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात १८ ते ६९ या वयातल्या २८.५ टक्के भारतीयांचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्यांतल्या फक्त २७.९ टक्के लोकांना आपल्याला बीपी आहे हे ठाऊक होतं. उपचार घेणारे १४.५ टक्के होते आणि ज्यांचा बीपी खरोखर आटोक्यात होता, ते १२.६ टक्के.

हे प्रमाण एका आगाराला लावून पाहू. समजा, आगारात १०० चालक आहेत. त्यांतल्या २८-२९ जणांचा बीपी १४०/९० च्या वर असणार किंवा गोळीने त्याखाली आणलेला असणार. आठ जणांना त्याची कल्पना असणार, चार जण उपचार घेत असणार आणि आटोक्यात असलेले चारही भरणार नाहीत. उरलेले वीसजण रोज सकाळी गाडी ताब्यात घेतात, ब्रेक तपासतात, टायर पाहतात आणि स्वतःच्या अंगातला दाब न तपासता मार्गावर निघतात.

हा हिशेबही कमीच धरलेला आहे. वरची टक्केवारी शेतात राबणारे, गृहिणी, विद्यार्थी अशा सगळ्यांची मिळून आहे. चालक मात्र दिवसभर बसलेला असतो, आणि नोकरीची बरीच वर्षं चाळिशी-पन्नाशीतली असतात. उत्तर केरळमधल्या बसचालकांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४१.३ टक्के चालकांना उच्च रक्तदाब आढळला होता. उदाहरणासाठी दोन विभाग घेऊ. एसटीच्या नांदेड विभागात नऊ आगारं आहेत: नांदेड, भोकर, मुखेड, देगलूर, कंधार, हदगाव, बिलोली, किनवट आणि माहूर. लातूर विभागात पाच: लातूर, उदगीर, निलंगा, अहमदपूर आणि औसा. या चौदा आगारांत अठ्ठाविसाचा आकडा धरून चाललो तरी गाठोडं मोठं आहे. एकेचाळिसाचा धरला तर जवळपास दीडपट.

आता त्या चार आकड्यांकडे पुन्हा बघा. सगळ्यात मोठी गळती पहिल्याच पायरीवर आहे. आजार असलेल्या चौघांतल्या तिघांना तो असल्याचंच माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये रक्तदाबावर पहिला जागतिक अहवाल काढला, त्यातलं भारताचं चित्र थोडं वेगळं आहे. त्यानुसार ३० ते ७९ वयातल्या १८ कोटी ८३ लाख भारतीयांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतल्या ३७ टक्क्यांचं निदान झालेलं, ३० टक्के उपचारांवर आणि १५ टक्क्यांचा दाब आटोक्यात. म्हणजे इथे पहिल्या पायरीइतकीच शेवटची पायरीही निसरडी आहे: गोळी घेणाऱ्यांतल्या निम्म्यांना तिचा पुरता उपयोग होत नाही. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आणि वयोगटही वेगळे. पण चालकांसाठी काय करावं, हे ठरवायला दोन्ही मिळून पुरेशी दिशा देतात. आधी मोजायला हवं, आणि मोजल्यावर वर्षानुवर्षं मागे लागायला हवं. मोजण्याचं काम शिबिरात होतं. मागे लागण्याचं काम शिबिरात होत नाही, ते कामाच्या ठिकाणीच होऊ शकतं. म्हणूनच रक्तदाबाचं प्रशिक्षण आगारात व्हायला हवं, असं मला वाटतं.

चालकाची खुर्ची आणि हृदय यांचा संबंध पहिल्यांदा आकड्यांत पकडला गेला तो लंडनच्या बसमध्ये. १९५३ साली जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या सुमारे ३१ हजार वाहतूक कामगारांची पाहणी छापली. गाडी एकच, पगारवर्ग जवळपास एकच, वस्ती एकच. फरक एवढाच की चालक पाळीतला नव्वद टक्के वेळ बसून असे आणि वाहक दुमजली बसच्या जिन्यावरून दिवसभरात ५०० ते ७५० पायऱ्या चढे. हृदयविकाराचं वार्षिक प्रमाण चालकांत हजारी २.७ होतं, वाहकांत हजारी १.९. पुढे १९५६ मध्ये मॉरिस यांनी गणवेशाची मापंसुद्धा तपासली. चालकांच्या पँटींची कंबर वाहकांपेक्षा मोठी होती. म्हणजे काही फरक नोकरीला लागतानाच होता, असा आक्षेप तेव्हाच घेता आला, आणि मॉरिस यांनी तो स्वतःच पुढे आणला. तरीही सत्तर वर्षांनंतर ती पाहणी वाचताना एसटीची चालक-वाहक जोडी डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही. अहमदपूर ते लातूर गर्दीच्या गाडीत वाहक तिकिटं फाडत पुढून मागे, मागून पुढे करतो. चालक त्या सगळ्या वेळात बसल्या जागी फक्त हात-पाय हलवतो. आणि विनावाहक गाडी असेल तर प्रवासी, सामान, वेळ, रस्ता, सगळंच त्या एकट्याच्या डोक्यावर.

बसून राहणं हे एक कारण झालं. बाकीची कारणं ड्युटीच्या तक्त्यात दडलेली आहेत. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. त्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवलं, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली आणि कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत ठेवायला सांगितला. आता हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे. पण पसारा बारा तासांचा असला की त्यात घर ते आगार जाणं-येणं धरून झोपेला किती उरतं, याचा हिशेब चालकाच्या घरातल्या कोणालाही तोंडपाठ असतो.

मुक्कामी गाडीचं उदाहरण घ्या, कारण गोळी नेमकी कुठे चुकते ते तिथे दिसतं. संध्याकाळी गाडी तालुक्याहून निघते, रात्री गावात मुक्कामाला पोचते. चालक-वाहक जेवून गाडीतच किंवा गावात मिळेल त्या जागी आडवे होतात. पहाटे पाच-साडेपाचला दूधवाले आणि शाळा-कॉलेजची पोरं घेऊन गाडी परत निघते. ‘रोज सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी’ असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं. या माणसाचा नाश्ता कधी आहे? एका दिवशी सकाळी सातला, दुसऱ्या दिवशी अकराला, तिसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून घरी दहाला. गोळीची पट्टी घरच्या देव्हाऱ्याशेजारी आणि माणूस पन्नास किलोमीटरवर. अशा माणसाला ‘नियमित गोळी घ्या’ सांगण्यात अर्थ नाही. गोळी ड्युटीला बांधून द्यावी लागते. एक पट्टी घरी, एक ड्युटीच्या पिशवीत. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी, आणि वेळ जेवणाची न धरता, ड्युटी असो वा नसो, रोज येणाऱ्या एखाद्या ठरलेल्या कामाची, म्हणजे दात घासण्याची.

कोणती गोळी, हेही चालकाच्या बाबतीत महत्त्वाचं असतं. ॲम्लोडिपिन ही सरकारी दवाखान्यांत सर्रास मिळणारी गोळी दिवसातून एकदा पुरते, तिने सहसा गुंगी येत नाही. काहींच्या पायांवर सूज येते, ती डॉक्टरला सांगायची. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या रक्तदाबावर चांगल्या आहेत, पण लातूर ते पुणे जाणाऱ्या माणसाला स्वच्छतागृह कुठे मिळणार? मग तो पाणी पिणं कमी करतो. मे महिन्यात नांदेडचा पारा ४३-४४ वर गेलेला असताना पाणी कमी आणि लघवीची गोळी चालू, हे घेरी येण्याचं कारण ठरू शकतं. बीपीच्या काही जुन्या औषधांनी गुंगी येते, काहींनी पहिल्या दिवसांत उभं राहताना तोल जातो. म्हणून ‘मी गाडी चालवतो’ हे वाक्य डॉक्टरसमोर बसल्याबरोबर सांगायचं, एवढं एक शिकवलं तरी प्रशिक्षणाचा तास वाया गेला नाही असं मी म्हणेन.

त्याहून कमी बोललं जाणारं कारण म्हणजे कंबरदुखी. खड्डे, जुनी सीट, क्लचवर सतत दाब. कंबर आणि गुडघा दुखत नाही असा पंधरा वर्षं झालेला चालक सापडणं अवघड. त्यावर इलाज म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन. या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि बीपीच्या काही गोळ्यांचा परिणामही कमी करतात. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं जे औषध असतं, तेही दाब वाढवतं. चालक प्रामाणिकपणे बीपीची गोळी घेतोय आणि आकडा उतरत नाही, तेव्हा डोस वाढवण्याआधी ‘कंबरेसाठी काय घेता?’ हे विचारायला हवं. घोरणंही विचारायला हवं. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाचा दाब हट्टी असतो आणि त्याला दिवसा स्टिअरिंगवर डुलकी येते. म्हणजे त्याच्याबरोबर गाडीतल्या सगळ्यांचाच धोका वाढतो.

मिठाचा आकडा वर दिलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातच आहे. भारतीय माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो, त्यातले पुरुष ८.९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमच्या आतली, म्हणजे सपाट चमचाभर. चालकाचं बहुतेक खाणं त्याच्या हातात नसतं. बसस्थानकावरचे भजे, सकाळचे पोहे नाहीतर मुरमुऱ्यांचा सुशीला, थांब्यावरच्या हॉटेलातली तेलाच्या तवंगाची भाजी, सोबत लोणचं, पापड, तळलेली मिरची. उन्हाळ्यात मीठ घातलेला लिंबू-सोडा. इथे ‘मीठ कमी खा’ हा उपदेश हॉटेलवाल्यापर्यंत पोचतच नाही. चालकाला जमण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत: ताटातलं लोणचं-पापड बाजूला ठेवणं, वरून मीठ न घेणं, घरून भाकरी-भाजी नेणं शक्य असेल तेव्हा नेणं. बाकीचं आगाराच्या उपाहारगृहाने करायचं. चीनमधल्या ६०० गावांत २०,९९५ लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरलं, तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असलेल्यांना ते मीठ चालत नाही, त्यामुळे ते स्वयंपाकघरात सरसकट ओतण्याआधी डॉक्टरांचा सल्ला हवा. पण साधं मीठ पाव भागाने कमी करायला कोणाची परवानगी लागत नाही.

तंबाखूबद्दल लांबण लावत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३५.५ टक्के पुरुष कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरणारे निघाले. रात्रीच्या ड्युटीत झोप उडवायला तळहातावर चुना मळला जातो, ते थांबवायचं तर आधी रात्रीच्या ड्युटीनंतरची झोप द्यावी लागेल.

आता मोजण्याकडे येतो, कारण आगारातली बहुतेक शिबिरं इथेच फसतात. चालक गाडी लावून येतो, घाम पुसत टेबलासमोर उभा राहतो, लगेच दंडाला पट्टा. शेजारी चार जण गप्पा मारतायत, नुकताच चहा झालाय, तोंडात तंबाखू आहे. या स्थितीत निघालेला १६० चा आकडा त्याचा स्वतःचा आहे की त्या गडबडीचा, हे सांगता येत नाही. पद्धत अशी आहे: आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवी करून यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर सरळ, हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला. दोनदा मोजायचं, मध्ये एक मिनिट सोडायचं. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, छोट्या पट्ट्यावर आकडा फुगतो. आणि एका दिवसाच्या आकड्यावर कोणालाही बीपीचा पेशंट ठरवायचं नाही, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं. हे शिकायला डॉक्टर असावं लागत नाही. दंडावर चढणारं चांगलं डिजिटल यंत्र आणि अर्ध्या दिवसाचा सराव दिला तर वाहतूक नियंत्रक, वाहक किंवा स्वतः चालकसुद्धा हे नीट करू शकतो.

मग चालक मोजून का घेत नाहीत? तुम्ही विचारलंत तर उत्तर येईल, ‘मला काही त्रासच नाही.’ ते खरंही आहे, वाढलेला दाब बहुधा काही जाणवू देत नाही. दुसरं उत्तर, ‘गोळी एकदा लागली की सुटत नाही.’ पण माझ्या मते खरं कारण तिसरं आहे आणि ते मोठ्याने सांगितलं जात नाही. आकडा कागदावर आला की ‘अनफिट’ होण्याची भीती. ड्युटी गेली की भत्ता गेला, पुढे नोकरीचंच काय, हा प्रश्न. ज्याच्या पगारावर घर चालतं, तो माणूस असा आकडा लपवणारच. म्हणून चालकांआधी प्रशिक्षण आगारप्रमुखांना आणि ड्युटी लावणाऱ्यांना द्यायला हवं, आणि त्यांच्या भिंतीवर दोन आकडे लिहून ठेवायला हवेत: कुठवर ड्युटी चालू राहील आणि कुठे थांबेल.

बाहेरच्या देशांनी हे आकडे ठरवून टाकलेत. ब्रिटनमध्ये बस आणि लॉरीच्या चालकाचा वरचा आकडा विश्रांतीच्या स्थितीत सातत्याने १८० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा आकडा १०० किंवा त्याहून जास्त असेल तरच त्याला थांबवलं जातं. दाब आटोक्यात आला की तो परत स्टिअरिंगवर बसतो. अमेरिकेत व्यावसायिक चालकाला १४० ते १५९ च्या पट्ट्यात वर्षाचं प्रमाणपत्र मिळतं, १६० ते १७९ मध्ये एकदाच तीन महिन्यांची मुदत मिळते आणि १८० च्या पुढे गाडी बंद. दोन्हीकडचा अर्थ एकच: १५० आकडा निघालेला माणूस कामावरच राहतो आणि कामावर राहून उपचार घेतो. आगारातल्या बीपी निघालेल्यांपैकी बहुसंख्य याच पट्ट्यात असतील. आपल्याकडे अशी लेखी रेषा आगाराच्या पातळीवर आखली, त्यावर कामगार संघटनांची सही घेतली आणि थांबवलेल्या दिवसांचा पगार कापला जाणार नाही असं लिहून दिलं, तर मोजायला रांग लागेल. ही हमी नसेल तर कितीही चांगली व्याख्यानं दिली तरी लोक मागच्या दाराने निघून जातील.

शिकवून विसरून जाण्याने काय होतं, याचाही आकडा आहे. ब्रिटनमधल्या ३८२ लॉरीचालकांवरचा प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. गटात बसवून आरोग्यशिक्षण, पावलं मोजणारं मनगटी यंत्र, मेसेज असं सगळं दिलं. सहा महिन्यांनी त्यांची दिवसाची चाल दुसऱ्या गटापेक्षा १,००८ पावलांनी जास्त होती. सोळा ते अठरा महिन्यांनी पाहिलं तर फरक पुसला गेला होता. उलट आपल्याच देशातल्या कारखान्यांच्या वसाहतींत चार वर्षं सतत चाललेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकल्पात कामगारांचा आणि त्यांच्या कुटुंबीयांचा रक्तदाब, कंबरेचा घेर, साखर हे सगळं सरासरीने खाली आलं. तिथे उपाहारगृह, तपासणी, कुटुंब आणि कामाची जागा या सगळ्यांना एकदमच हात घातला होता, आणि तो चार वर्षं काढला नाही.

महाराष्ट्राजवळ तयार साचाही आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम पाच राज्यांत सुरू केला, त्यात महाराष्ट्र पहिल्यापासून होता. ठरलेला औषधक्रम, न तुटणारा गोळ्यांचा पुरवठा, डॉक्टरऐवजी नर्सने घेतलेला पाठपुरावा, महिन्याची औषधं घराजवळ आणि प्रत्येक पेशंटची नोंद, एवढ्या पाच गोष्टींवर तो उभा आहे. २०२२ पर्यंत ३४ लाखांहून अधिक लोक त्यात आले आणि उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दाब आटोक्यात आला.  शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. किनवटच्या चालकाला त्यासाठी नांदेडला येण्याची गरज नाही.

चौदा आगारांत हे कसं बसेल? प्रत्येक आगाराच्या विश्रांतीगृहात एक यंत्र, साधा आणि मोठा असे दोन पट्टे, शांत कोपरा आणि शिकवलेले दोघे जण. उजळणी प्रशिक्षणात एक तास याचा, पण दर महिन्याला ड्युटी घेण्याच्या वेळी पाच मिनिटांची पुन्हा मोजणी. जवळच्या आरोग्य केंद्राची नर्स महिन्यातून एकदा गोळ्यांसह आगारात. नोंदवही चालकाच्या नावाने, पण कोणी पाहायची ते ठरलेलं. आगारात प्रत्येक चालकाची डिझेलची सरासरी काढली जाते, कोण किती लिटरमध्ये किती किलोमीटर गेला यावर चर्चा होते, शाबासकी आणि कानउघाडणीही होते. त्याच शिस्तीने महिन्याला एक आकडा वर पाठवावा: बीपी असलेल्यांपैकी कितींचा १४०/९० च्या खाली आहे. ‘शिबिरात इतक्या जणांची तपासणी’ हा आकडा पाठवणं बंद करावं. तो वाढवणं सोपं असतं आणि त्याने कोणाचाही दाब उतरत नाही. उपचार घेणाऱ्यांपैकी निम्मे आटोक्यात, हे लक्ष्य अवास्तव नाही. सरकारी उपक्रमात तेवढं घडून गेलेलं आहे. वरचा आकडा ५ ने जरी उतरला तरी हृदयविकार आणि पक्षाघातासारखे मोठे झटके साधारण दहा टक्क्यांनी कमी होतात, हे २०२१ च्या ‘लॅन्सेट’मधल्या एकत्रित विश्लेषणाने दाखवलं आहे.

एसटीबाहेरचा चालक मात्र या सगळ्यातून निसटतो. रात्री लातूर-नांदेडहून पुण्या-मुंबईला सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सचा चालक, लातूरच्या आडतीतून सोयाबीन आणि तूर भरून निघणारा ट्रकवाला, देगलूरमार्गे हैदराबादला जाणारा टेम्पोवाला. त्यांना आगार नाही, विश्रांतीगृह नाही, पुष्कळदा लेखी नेमणूकही नाही. त्यांची सरकारशी ठरलेली गाठ एकाच ठिकाणी पडते, आरटीओत, परवान्याच्या नूतनीकरणाला, दर पाच वर्षांनी. तिथे लागणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्रात नजर, रंग ओळखणं, ऐकू येणं यांची विचारणा असते. रक्तदाबाचा रकाना त्यात वाढवावा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्राचं कार्ड हातात द्यावं. पाच वर्षांतून एकदा मोजणं अगदीच अपुरं आहे, म्हणून मार्केट यार्ड आणि ट्रान्सपोर्टच्या कार्यालयांजवळच्या आरोग्य केंद्रांनी आठवड्यातून एक संध्याकाळ उशिरापर्यंत उघडं राहावं. गाड्या भरायला वेळ लागतो, चालक तोवर तिथेच बसून असतो.